कामगारांच्या मुलींना गृहशास्त्र: भलं झालं की वाट अडली?

वैशाली:
कालच्या धाग्यात एकांनी ठामपणे लिहिलंय, 'शाळेत स्वयंपाक शिकवला म्हणून इंग्लंडमधल्या कामगारांची घरं सुधारली.' मुलींचं काय गेलं ते कोण सांगणार? १८६२ पासून अनुदानित शाळांत मुलींना शिवण सक्तीचं. १८७८ मध्ये गृहव्यवस्था सक्तीची, १८८२ पासून स्वयंपाकाला अनुदान. वेळ कुठून आला? गणितातून! मुलींचं गणित सैल हाताने तपासायचं, हे ठरलेलंच होतं. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या भरतीत तरुण अशक्त निघाले, तर १९०४ च्या सरकारी समितीने आयांच्या अज्ञानावर बोट ठेवलं. तुटपुंज्या मजुरीचं काय?

श्रीधर:
वैशालीताई, अर्धंच सांगताय. मुलांना शाळेत जेवण आणि आरोग्य तपासणी हवी, हेही त्याच समितीने मांडलं. १९०६ मध्ये जेवणाचा कायदा झाला, १९०७ मध्ये तपासणीचा.

मीनल:
शिवणाला नावं ठेवू नका हं. वडील गेल्यावर आईने शाळेत शिकलेल्या शिवणावर आम्हा भावंडांना वाढवलं. तिला भूमितीने जेवायला घातलं नसतं.

वैशाली:
तुमच्या आईंबद्दल आदरच आहे. पण मी त्या तासाला काय शिकले? बोटभर कापडावर तुरपाई. टाका वाकडा गेला की बाई उसवायला लावत, पुन्हा तेच कापड, पुन्हा तोच टाका. तेवढ्यात मुलगे विज्ञानाचे प्रयोग करत होते. तो राग अजून गेलेला नाही.

मीनल:
मग मुलग्यांनाही शिवण शिकवा म्हणून भांडा ना! बंद कशाला करता? चांगले शिकलेसवरलेले पुरुष शर्टाचं बटण लावायला बायकोला हाक मारतात. माझ्या घरीही तेच.

श्रीधर:
पुरुषांवर कुठे घसरलात? मी स्वतः बटणं लावतो.

मीनल:
तुम्ही लावता, बाकीच्यांचं काय? मुलग्यांना सक्ती करा, मग बोला.

अनघा:
बटणं राहू द्या. फेबियन महिला गटाने, म्हणजे तिथल्या समाजवादी बायकांच्या गटाने, १९०९ ते १९१३ लंडनच्या लॅम्बेथमध्ये आठवड्याला पौंडभर मिळकतीची घरं जवळून पाहिली. बायका पॉरिज, म्हणजे ओटची लापशी, का करत नाहीत, असं शहाणी माणसं विचारत. घरात भांडी मोजकी. कालवण ज्या पातेल्यात, पॉरिजही त्यातच, ते बुडाला लागायचं, कालवणाचा जुना वास यायचा. वर दूध-साखर नाही. पोरं तोंड फिरवणार नाहीत तर काय? त्या आयांना रांधता येत होतं, रांधायची सोय नव्हती.

श्रीधर:
बरं, पातेल्याचं मान्य करतो. पण म्हणून धडाच नको होता, हे मला पटणार नाही.