गांजा-कर, ‘सोशल इक्विटी’ आणि आपला वीस टक्के सेस: निवेदनात नेमकं काय मागावं?

कृष्णाकाठ
सांगली जिल्ह्यातल्या पारधी आणि इतर विमुक्त वस्त्यांसाठी जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकाआधी निवेदन द्यायचं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजांवर जन्मतःच शिक्का मारला. १९५२ ला कायदा रद्द झाला, पण पुढे दारूबंदीच्या केसेस, जामीन, वकील, तारखा यांत पिढ्या गेल्या. कायद्याने केलेलं नुकसान सार्वजनिक पैशातून भरून निघालं पाहिजे, एवढीच मागणी आहे.

याला आधार म्हणून अमेरिकेचं उदाहरण द्यावं असं वाटतं. तिथे गांजा कायदेशीर झाल्यावर, आधी त्याच गुन्ह्यात भरडलेल्या लोकांना शहरं आणि काउंट्या (म्हणजे तिथले जिल्हे) निधी देतात, यालाच ‘सोशल इक्विटी’ म्हणतात. मला तीन गोष्टी हव्यात. पैसा अंदाजपत्रकातल्या कुठल्या शीर्षाखाली येतो? पात्रता कशी ठरते? आणि कुठे फसलं? तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण सभागृहात कुणीतरी तेच विचारणार.

लेखाशीर्ष
आधी पैशाचं बघू. तिथे तीन वेगवेगळ्या वाटा आहेत. निवेदनात त्यांची सरमिसळ झाली तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

पहिली वाट राज्याकडून शहराकडे. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१६ च्या मतदानात प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला, १ जानेवारी २०१८ पासून दुकानं सुरू झाली. त्याच वर्षी इक्विटी कायदा आला आणि राज्याने शहरं-काउंट्यांना अनुदान द्यायला सुरुवात केली. अनुदान दोन प्रकारचं असतं. एक अभ्यासासाठी, म्हणजे आपल्या हद्दीत गांजाबंदीचा फटका कुणाला बसला हे आकड्यांनी दाखवायचं आणि कार्यक्रम आखायचा. दुसरं प्रत्यक्ष अर्जदारांना कर्ज, अनुदान आणि तांत्रिक मदत देण्यासाठी. राज्य थेट व्यक्तीला पैसे देत नाही, शहरामार्फत देतं.

दुसरी वाट, करातला ठरावीक हिस्सा कायद्यातच बांधून टाकणं. इलिनॉयमध्ये गांजाच्या निव्वळ महसुलातला २५ टक्के भाग फटका बसलेल्या वस्त्यांसाठी राखलेला आहे. न्यूयॉर्कच्या २०२१ च्या कायद्यात निव्वळ महसुलाचा ४० टक्के भाग अशा समाजांसाठी आहे. तिथे किरकोळ विक्रीवर १३ टक्के कर आहे, ९ राज्याचा आणि ४ स्थानिक. त्या चारमधला पाऊण हिस्सा दुकान ज्या शहरात किंवा गावात आहे त्याला आणि पाव काउंटीला.

तिसरी वाट शहराचा स्वतःचा कर. शिकागोशेजारच्या इव्हान्स्टनने २०१९ मध्ये ठरवलं की आपल्या ३ टक्के गांजा-करातले पहिले १ कोटी डॉलर कृष्णवर्णीय रहिवाशांच्या नुकसानभरपाईसाठी. १९१९ ते १९६९ या काळात शहरात राहिलेले लोक आणि त्यांचे थेट वारस पात्र, घरासाठी प्रत्येकी २५ हजार डॉलर. पण शहरात दुकानच एक, त्यामुळे करच हळू जमा झाला. शेवटी २०२२ मध्ये घरविक्रीवरच्या मुद्रांकासारख्या करातून आणखी पैसे जोडावे लागले. एकाच उत्पन्नावर भिस्त ठेवली की काय होतं ते इथे दिसतं.

ऑरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहराचं उदाहरण मात्र जरूर द्या. २०१६ मध्ये मतदारांनी ३ टक्के शहर-कर मंजूर केला. त्यात छोटे धंदे आणि बंदीचा फटका बसलेले लोक हा एक हेतू होता, सोबत पोलीस आणि रस्ते सुरक्षा हेही होते. २०१९ च्या लेखापरीक्षणात दिसलं की पैशाचा मोठा भाग पोलीस आणि वाहतुकीकडे गेला. हेतू लिहिला होता, टक्का लिहिला नव्हता. म्हणून निवेदनात ‘प्राधान्य द्यावे’ असं लिहू नका, टक्का आणि लेखाशीर्ष लिहा.

विटेकर_ओकलंड
पात्रतेबद्दल कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराचं सांगतो. अमेरिकेतला पहिला कार्यक्रम हाच, २०१७ चा.

अर्जदार ओकलंडचा रहिवासी हवा. उत्पन्न शहराच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्के किंवा त्याखाली हवं. शिवाय दोनपैकी एक: ५ नोव्हेंबर १९९६ नंतर ओकलंडमध्ये गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली, किंवा ठरवून दिलेल्या २१ पोलीस बीटमध्ये (गस्तीच्या भागांत) गेल्या २० पैकी १० वर्षं वास्तव्य. धंद्यात त्याची मालकी किमान ५० टक्के. सुरुवातीच्या टप्प्यात निम्मे परवाने अशा अर्जदारांना राखून ठेवले होते.

वंश हा निकष इथे कुठेच नाही, हे लक्षात घ्या. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत १९९६ पासून सरकारी नोकरी, शिक्षण आणि कंत्राटांत वंशावर आधारित प्राधान्याला बंदी आहे. म्हणून त्यांनी पोलिसांच्याच अटकेच्या नोंदी घेतल्या, कुठल्या बीटमध्ये धरपकड जास्त झाली ते काढलं आणि पत्ता हाच निकष केला. ज्या नोंदींनी माणूस बदनाम झाला त्याच नोंदी त्याच्या हक्काचा पुरावा झाल्या. तुमच्या निवेदनाला ही कल्पना सगळ्यात जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं.

आता कुठे फसलं. परवाना राखीव ठेवणं सोपं होतं, भांडवल देणं अवघड. जागा भाड्याने घेतल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मग इमारत तपासणी, अग्निशमन, शहराची परवानगी, राज्याचा परवाना. विक्री शून्य आणि भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला. बँका हात लावत नाहीत, कारण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजा अजून नियंत्रित पदार्थ आहे. म्हणून ओकलंडने युक्ती काढली: सर्वसाधारण अर्जदाराने इक्विटी अर्जदाराला ३ वर्षं किमान १,००० चौरस फूट जागा बिनभाड्याची द्यायची, त्या बदल्यात त्याचा अर्ज आधी घेतला जाईल. कागदावर उत्तम. पण जागा देणं आणि धंदा चालेल अशी जागा देणं यात फरक पडतो. वीजभार, पाणी, हवा बाहेर टाकायची सोय, स्वतंत्र दार हे करारात नसेल तर ते हजार फूट म्हणजे नुसती फरशी.

दुसरी फसगत नावापुरत्या मालकीची. भांडवलदार कागदावर ५०-५१ टक्के मालकी इक्विटी अर्जदाराला देतो. मात्र सोबतच्या व्यवस्थापन करारात नफा, सही आणि नेमणुका स्वतःकडे ठेवतो. आपल्याकडे राखीव कोट्यातला पेट्रोल पंप एकाच्या नावावर आणि गल्ला दुसऱ्याकडे, तोच प्रकार. इलिनॉयने तर सुरुवातीला आणखी एक वाट ठेवली होती. दहापेक्षा जास्त कामगार असतील आणि त्यांतले ५१ टक्के पात्र गटातले असतील तर मालक कुणीही चालेल. साहजिकच पैसेवाले त्या वाटेने आत आले आणि त्यावरून मोठा वाद झाला.

तिसरी गोष्ट तिथल्या केंद्रीय आयकराची, तिचा उल्लेख फार कमी होतो. कलम २८०ई प्रमाणे पहिल्या-दुसऱ्या अनुसूचीतल्या, म्हणजे सगळ्यात कडक यादीतल्या, पदार्थाच्या व्यापाराला नेहमीचे खर्च वजा करता येत नाहीत, फक्त मालाची किंमत वजा होते. समजा विक्री १००, माल ६०, भाडं-पगार ३५. खरा नफा ५. पण कर ४० वर. कंपनी कराच्या २१ टक्के दराने ८.४ भरायचे, म्हणजे नफ्यापेक्षा कर मोठा. असा धंदा कर्जावर उभा केला तर व्याज शून्य असलं तरी मुद्दल कुठून फेडणार? त्यात २०२० आणि २०२१ मध्ये ओकलंडच्या दुकानांवर आणि गोदामांवर टोळ्यांनी दरोडे घातले. अशा धंद्याला कर्जापेक्षा अनुदानाचा उपयोग जास्त.

कृष्णाकाठ
फार मोलाची माहिती, दोघांचेही आभार. आता आपल्याकडे हे कुठे बसवायचं? आणि एका कार्यकर्त्याचं म्हणणं आहे की जत-आटपाडीच्या कोरडवाहू जमिनीत औद्योगिक भांगेच्या (हेम्पच्या) लागवडीची मागणीही यात घालावी.

ग्रामसभा_पलूस
ती मागणी या निवेदनात घालू नका. एनडीपीएस कायदा (अमली पदार्थविरोधी कायदा), १९८५ च्या कलम ८ ने भांगेच्या झाडाची लागवडच बंद आहे. कलम २० खाली लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. कलम १४ मध्ये धागा, बी आणि बागायती वापरासाठी सरकार परवानगी देऊ शकतं, आणि उत्तराखंडने २०१८ पासून ०.३ टक्के टीएचसीच्या (नशा आणणाऱ्या घटकाच्या) मर्यादेत परवाने दिले आहेत. पण हा विषय राज्य सरकारचा आहे, जिल्हा परिषद त्यात काहीच करू शकत नाही. शिवाय ज्या समाजावर पोलीस आधीच नजर ठेवून असतात, त्याच्या नावाने पहिली मागणी भांगेची गेली तर मूळ विषय बाजूला पडेल. आज एकाही शेतकऱ्याने परवान्याशिवाय एक रोपही लावू नये.

गांजा-करासारखं नवं उत्पन्न आपल्याकडे नाही, दारूवरचं उत्पादन शुल्कही राज्याच्या तिजोरीत जातं. पण नवा कर लागतोच कुठे? टक्का आधीच बांधलेला आहे. जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातले, म्हणजे सेस फंडातले, २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. ग्रामपंचायतीत हेच प्रमाण १५, १० आणि ५. पोर्टलंडला जे लिहायचं राहिलं ते आपल्याकडे लिहिलेलं आहे. अडतं ते पुढे.

शिलाई मशीन किंवा घरगुती पिठाची गिरणी घ्या. अर्ज पंचायत समितीत समाजकल्याण विस्तार अधिकाऱ्याकडे. छाननी, समितीची मंजुरी, मग पूर्वसंमती पत्र. लाभार्थ्याने वस्तू आधी स्वतःच्या पैशाने घ्यायची, जीएसटी बिल जोडायचं, पडताळणी व्हायची, मग आधार जोडलेल्या खात्यावर रक्कम. डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानंतर ही पद्धत आली. वस्तू वाटपातले घोटाळे थांबावेत हा हेतू चांगलाच होता, पण पालावर राहणाऱ्या बाईकडे गिरणीचे पैसे आधी कुठून येणार? ओकलंडचं भाडं आणि आपली ‘आधी खरेदी’, दुखणं एकच. मग दुकानदाराकडून उधारीवर बिल होतं, रक्कम जमा झाली की मशीन परत दुकानात जाते. लाभार्थी यादीत नाव राहतं, घरात काही राहत नाही.

म्हणून निवेदनात ‘निधी वाढवा’ ही मागणी शेवटी ठेवा. आधी हे मागा. मंजुरीची पत्रं ऑक्टोबरपर्यंत निघावीत. फेब्रुवारीत पत्र आणि ३१ मार्चला बिल सादर करायची मुदत, हे गरिबाला जमत नाही. पूर्वसंमती पत्र दाखवल्यावर उमेदच्या ग्रामसंघाकडून (महिला बचत गटांच्या गावपातळीवरच्या संघाकडून) खरेदीपुरतं अल्पमुदतीचं कर्ज मिळावं आणि अनुदान जमा झाल्यावर ते फिटावं, अशी लेखी व्यवस्था पंचायत समितीने करावी. पडताळणी दोनदा व्हावी, एकदा खरेदीनंतर आणि एकदा सहा महिन्यांनी, यंत्राच्या क्रमांकासह. दुकानात परत गेलेलं यंत्र दुसऱ्या पडताळणीत सापडतं.

लेखाशीर्ष
यात पुराव्याचं जोडतो, कारण बहुतेक अर्ज तिथेच बाद होतात. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० आणि विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचं वास्तव्य दाखवावं लागतं. फासेपारधी अनुसूचित जमातीत आणि कंजारभाट विमुक्त जातीत येतात, त्यामुळे एकाच वस्तीत दोन वेगळ्या तारखा लागू शकतात. अर्जांचा गठ्ठा करताना हे आधीच वेगळं करा.

भटक्या कुटुंबाकडे सातबारा नसतो, आजोबांचा शाळेचा दाखला नसतो. तरी काही ठिकाणी नोंदी सापडतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, त्यात जन्म-मृत्यूसोबत जात लिहिलेली असते. विटेकरांनी सांगितलं तेच इथेही लागू पडतं. जुन्या सेटलमेंटच्या (गुन्हेगार जमाती म्हणून ठेवलेल्या वसाहतींच्या) आणि पोलीस हजेरीच्या नोंदींत जात, नाव आणि गाव तिन्ही सापडतात. काहीच नसेल तर प्रांत कार्यालयाकडे गृहचौकशीची मागणी करा. निवेदनात वस्तीवर दाखल्यांचं शिबिर मागा, तारीख आणि वस्तीचं नाव घालून. तहसील, प्रांत आणि समाजकल्याण एकाच दिवशी एकत्र आले तरच त्याचा उपयोग.

कृष्णाकाठ
शेवटचं एक. पंधरा टक्के खर्च झाला की नाही हे ग्रामपंचायतीत कुठल्या कागदावर बघायचं? तोंडी विचारलं तर ‘झालाय’ एवढंच उत्तर मिळतं.

ग्रामसभा_पलूस
नमुना २८. मागासवर्गीय १५ टक्के आणि महिला-बालकल्याण १० टक्के खर्चाचं मासिक विवरण त्यातच असतं. माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागील तीन वर्षांचा नमुना २८ मागा, सोबत त्या खर्चाची प्रमाणकं (व्हाउचर) आणि नमुना १, म्हणजे अंदाजपत्रक. तिन्ही शेजारी ठेवून बघा: तरतूद किती, खर्च किती आणि कशावर. समाजमंदिराची रंगरंगोटी किंवा वस्तीतला रस्ता दाखवून टक्का पूर्ण केलेला असेल तर प्रमाणकात दिसेल. अर्ज ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करा, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. जिल्हा परिषदेच्या वीस टक्क्यांसाठी वेगळा अर्ज, समाजकल्याण विभागाकडे, योजनानिहाय आणि तालुकानिहाय आकडे मागून. अंदाजपत्रक मार्चमध्ये येतं, तेव्हा हे अर्ज डिसेंबर संपायच्या आत गेले पाहिजेत.