एकाच बटणाचा राईस कुकर, भाताशिवाय काय काय होईल त्यात?

खोलीतला_बल्लव
खोलीवर गॅस नाही, शेगडीला परवानगी नाही, आहे तो फक्त छोटा राईस कुकर, कुक आणि वॉर्म एवढंच असलेला. बाहेरचं खाऊन खिसा रिकामा व्हायला लागलाय म्हणून आता घरीच करायचं ठरवलंय. साधा भात जमतो पण कांदा परतायला घेतला की बटण टकन वर येतं, पुन्हा दाबलं तर राहतच नाही. बिघडलाय का? आणि डाळ, भाजी, अंडी असलं यात होतं की त्याला तो ढीगभर बटणांचा महागडाच लागतो? भांडी घासायचा जाम कंटाळा आहे हे आधीच सांगतो.

रटरट
बिघडलेला नाही रे, बरोबर चाललाय. आतलं भांडं बाहेर काढ, खाली मधोमध स्प्रिंगवर गोल चकती दिसेल, सगळी अक्कल तिथे आहे. भांड्यात पाणी आहे तोवर बूड १०० डिग्रीच्या आसपासच राहतं, पाणी आटलं की तापमान चढायला लागतं, चकतीतल्या चुंबकाची पकड सुटते आणि बटण वर. म्हणजे त्याला भात झाला की नाही ते कळत नाही, पाणी संपलं एवढंच कळतं. कांद्याच्या वेळी पाणी नव्हतंच, मग तो लगेच सुटणार. बटणाखाली काहीतरी अडकवून दाबून ठेवा असा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नको, आतला थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापलं की वीज तोडणारा, तो उडेल. परतणं विसर, कांदा लसूण बारीक चिरून चमचाभर तेलासकट थेट पाण्यात टाक, चव थोडी वेगळी लागते पण वाईट नाही लागत.

अर्धी_वाटी
महागडा घेऊ नका हो, काही गरज नाही. माझं नेहमीचं सांगते. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मसूर डाळ, दोन्ही धुऊन अर्धा तास भिजवायचं, मग साडेतीन-चार वाट्या पाणी, मीठ, हळद, तेल, आणि गाजर बटाटा बोटाच्या पेराएवढा चिरून त्यातच. पालेभाजी मात्र बटण वर आल्यावर घालायची आणि झाकण लावून दहा मिनिटं ठेवायची, वाफेवरच होते, सुरुवातीला घातली तर काळपट लगदा होतो. टोमॅटोही शेवटीच, आंबटामुळे डाळ लवकर मऊ होत नाही.

भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. डाळीचा फेस झाकणाच्या भोकातून वर येतो आणि ओट्याभर पांढरं पाणी, मग ते पुसत बसा. तेलाने फेस कमी होतो पण पूर्ण जात नाही.

आणि सोबत आलेला प्लास्टिकचा कप हरवू नका, तो बहुतेक १८० मिलीचा असतो, आतल्या रेषा त्याच मापाच्या. घरातल्या २४० मिलीच्या कपाने तांदूळ मोजून रेषेपर्यंत पाणी भरलं तर भात कच्चा राहणार.

वाफाळलेला
वरची जाळी असेल तर ती वापर ना भावा, खाली भात होतो तेव्हाच वर धुतलेली अंडी ठेव, भाताबरोबर उकडून निघतात. बिलाची काळजी असेल तर ४०० वॉटचा कुकर अर्धा तास चालला तर ०.२ युनिट, म्हणजे काहीच नाही.

काळजीवाहू
दोन गोष्टी कोणी बोललं नाही. राजमा भिजवलेला असला तरी नुसता वॉर्मवर ठेवून शिजवायचा नाही, त्यातलं विष कमी आचेवर जात नाही, निदान दहा मिनिटं खळखळून उकळायलाच हवा आणि आधीचं भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं. दुसरं म्हणजे उरलेला भात. बंद कुकरमध्ये रात्रभर पडू देऊ नका. तांदळातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात वाढतात आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. ताटात पसरून गार करायचा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. वॉर्मवर भात ६० डिग्रीच्या वर राहत असेल तर ठीक, पण स्वस्त कुकरचा भरवसा धरू नये.

रटरट
@काळजीवाहू बरोबर. त्यात भर, दूध घालून ओट्स करणार असाल तर पाण्यात शिजवून दूध वरून घाला, दूध बुडाला लागलं की बटण मध्येच सुटतं, शिवाय उतू जातं ते वेगळंच.

खोलीतला_बल्लव
भारी, डाळ-तांदूळ आजच करतो. एक शंका, नुसती पातळ डाळ किंवा सूप केलं तर पाणी आटणारच नाही, मग बंद कधी होणार?

रटरट
होणारच नाही, उकळतच राहील. मोबाईलला गजर लाव, मसूर डाळीला उकळी आल्यापासून वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, मग हाताने वॉर्मवर टाक. आणि झाकण थोडं तिरकं ठेव.

अर्धी_वाटी
झाकण तिरकं ठेवाल तर खाली जुना पेपर अंथरा, शिंतोडे उडतात.