घोड्यांच्या मोकळ्या जागेभोवती कण्हेर, एरंड, घाणेरी: आधी काय काढायचं?

माळावरची पागा
एक घोडी (अंदाजे साडेतीनशे किलो) आणि एक तट्टू. दोघांना दिवसभर मोकळं सोडता यावं म्हणून एक एकर माळाला कुंपण घालतोय. रस्त्याच्या बाजूने आधीच्या मालकाची कण्हेरीची रांग आहे, मधे दोन बिट्टीची झाडं. ओढ्याकडे घाणेरी आणि बेशरम, बांधावर एरंड, शिवाय पावसाळ्यात धोतरा नि गाजर गवत उगवतंच. चारा म्हणजे बांधावरचं गवत कापून कुट्टी, आणि कडबा. शेजारी हिरवी ज्वारीही देतो म्हणतोय. सगळं एकदम उपटणं जमणार नाही. आधी काय काढू? गावातली गुरं हे सगळं सोडून चरतात, घोडा सोडत नाही का?

खरारा
कण्हेर आणि बिट्टी. बाकीचं त्यानंतर.

हिरवी कण्हेर कडू असते, पोट भरलेला घोडा सहसा तोंड लावत नाही. अडचण वाळलेल्या पानाची आहे. वाळल्यावर कडूपणा कमी होतो, विष तसंच राहतं. वजनाच्या 0.005 टक्के वाळका पाला जीव घ्यायला पुरतो, म्हणजे तुमच्या घोडीला साधारण 17 ग्रॅम. पानांत मोजलं तर दहा-वीस. एवढी पानं वाऱ्याने गव्हाणीत येऊन पडतात, कळतही नाही. झाडाखाली पाण्याची टाकी असेल तर ती आजच हलवा, पानं पडून राहिलेलं पाणीही विषारीच.

दुसरं म्हणजे कुट्टी. उभ्या चाऱ्यात घोडा ओठांनी निवडून खातो, नको ते बाजूला सारतो. यंत्रातून अर्ध्या इंचाचे तुकडे होऊन आले की निवडायला काही उरत नाही. बांधावरचं गवत कापणाऱ्या माणसाला कण्हेर, एरंड, धोतरा, गुंजेचा वेल हे चार तरी ओळखता आले पाहिजेत. शक्य तर एकेक फांदी आणून त्याच्या हातात द्या.

माळावरची पागा
कण्हेर मुळासकट काढायला जेसीबी लागेल, तो पुढच्या महिन्यात. तोवर छाटून बुटकी करून ठेवू का?

खरारा
अजिबात नको. आज उभी आहे ती कडू आहे. छाटलीत तर दोन दिवसांत सुकलेल्या पानांचा ढीग होईल, धोका त्याचाच. रांगेपासून दहा-बारा फूट आत तात्पुरती तार ओढा, घोड्याची मान तारेवरून किती लांब जाते ते धरून. काढाल त्या दिवशी घोडे तबेल्यात बांधा, फांद्या त्याच दिवशी गाडीत भरून हलवा, मग जमीन झाडून घ्या. बिट्टीखालची फळं आणि बियाही वेचा. लहानपणी खेळायच्या त्याच बिट्ट्या, पण विष कण्हेरीच्याच जातीचं, हृदयावर जाणारं.

टापा
एरंडाचं झाड काढाल, पण जास्त लक्ष पेंडीवर ठेवा. एरंडाची पेंड खत म्हणून पोत्यात येते आणि शेंगदाणा-सरकीच्या पेंडीशेजारी रचली जाते. कोणी अंधारात मापटं भरून चंदीत (घोड्याच्या दाण्याच्या खुराकात) टाकलं की संपलं. एरंडाच्या विषाला घोडा गुरांपेक्षा नाजूक आहे, आणि लक्षणं कधीकधी दोन-तीन दिवसांनी दिसतात: पोटशूळ, पाण्यासारखी लीद, घाम, मग घोडा बसतो. खताची पोती वेगळ्या खोलीत, कुलूप लावून. बिया मोडल्या, भरडल्या की जास्त घातक.

धोतऱ्याने आतडं थांबतं. डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, लीद बंद, पोटाला कान लावला तर गुडगुड नाही. सोयाबीनच्या भुसकटात त्याची बी मिसळून येते, काळपट, चपटी, मिरचीच्या बीसारखी. मूठभर भुसकट पांढऱ्या कापडावर पसरून पाहा.

घाणेरी मुख्यतः गुराढोरांना बाधते, बेशरम शेळ्यांना. भरल्या पोटाचा घोडा दोन्ही टाळतो. गाजर गवत कातडीला त्रास देतं, तेही तो आपणहून खात नाही. ही तीन नंतर काढलीत तरी चालेल. फक्त मे-जूनमध्ये माळ उघडा पडला की भुकेला घोडा काहीही खातो. सोडण्याआधी गवताची एक पेंढी टाकत जा.

नाडी
कण्हेर खाल्ल्याची शंका आली तर काय करायचं, ते लिहून तबेल्यात चिकटवा.

घोडा ओकू शकत नाही, गेलेलं आपणहून बाहेर येत नाही. तोंडातला पाला काढा, चारा उचला, डॉक्टरांना फोन करा आणि पहिल्याच वाक्यात "कण्हेर" म्हणा. नुसतं "पोट दुखतंय" सांगितलंत तर उपचार साध्या पोटशुळाचे होतील. शिरेतून कॅल्शियम वगैरे देणं कण्हेरीत हृदयाला महागात पडू शकतं. पोटशुळात घोडा फिरवत राहायची आपली सवय इथे उलटी पडते. फिरवू नका, धावडवू तर नकाच, शांत उभा ठेवा. बाटलीने तेल, ताक, काढा पाजू नका, फुफ्फुसात गेलं तर नवं दुखणं.

नाडी जबड्याच्या खालच्या कडेवर बोट फिरवलं की दोरीसारखी लागते. 15 सेकंद मोजून चारने गुणा. विसावलेल्या मोठ्या घोड्याची 28 ते 44. ठोका मधेच चुकतोय, कान आणि पाय गार पडलेत, तर तेही फोनवर सांगा.

डॉक्टर नाकातून नळी घालून पाण्यात कालवलेला औषधी कोळसा देतात, किलोमागे 1 ते 2 ग्रॅम. त्यासाठी वजन हवं. छातीचा घेर गुणिले घेर, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 11877. घेर 165 आणि लांबी 150 असेल तर 344 किलो येतात, म्हणजे कोळसा साधारण साडेतीनशे ते सातशे ग्रॅम. चुलीतला कोळसा कुटून चालत नाही. तुमच्या डॉक्टरांकडे एवढा साठा असतो का, ते आधीच विचारून ठेवा.

जुनी चंदी
हिरव्या ज्वारीचं कोणी बोललं नाही. गुरं ज्वारीचा पोंगा (कोवळा कोंब) खाऊन तासाभरात मरतात, ते सगळ्यांना माहीत आहे. घोड्यात तसं क्वचित होतं, त्यामुळे "घोड्याला चालते" असा समज आहे. घोड्याला ती आठवडेच्या आठवडे हिरवी चारली की पाठीचा कणा आणि मूत्राशय जातं. मागचे पाय डुलतात, लघवी थेंबथेंब गळत राहते, मांड्यांच्या आतली कातडी सोलवटते. एकदा पाय डुलायला लागले की पूर्ण भरून येणं कठीण. नीट वाळलेला कडबा द्या, शेजाऱ्याला हिरव्यासाठी नम्रपणे नाही म्हणा.

आणि खुळखुळा. पिवळी फुलं, शेंग वाळली की आत बिया वाजतात. त्याने यकृत जातं, तेही हळूहळू. खुळखुळा खाणं थांबल्यावरही काही महिन्यांनी घोडा खंगतो, हिरड्या पिवळ्या पडतात, जांभया देत भिंतीला डोकं लावून उभा राहतो किंवा सरळ रेषेत चालतच सुटतो. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात घोड्यांच्या या दुखण्याला त्या भागाचंच नाव पडलं. हिरवळीच्या खताचा ताग त्याचाच भाऊबंद आहे. शेजारी ताग पेरत असेल तर बी धरायच्या आत गाडायला सांगा, आणि तागाचं बी चंदीत जाऊ देऊ नका.

माळावरची पागा
कुट्टीत बांधावरचं अंजन गवत बरंच येतं. ते तरी बिनधोक ना?

जुनी चंदी
विषारी नाही, पण तेच एक नको. अंजनात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. गुरांच्या पोटात ते मोडतं, घोड्याच्या नाही. महिनोन्महिने तेवढंच खाल्लं की कॅल्शियम हाडांतून निघतं, लंगडणं सुरू होतं, नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं फुगतात. वर गव्हाचा कोंडा घालत असाल तर आणखी वाईट, कोंड्यात फॉस्फरस फार. अर्धा चारा दुसऱ्या गवताचा करा आणि रोज थोडा लसूणघास. गालाच्या हाडाखाली दोन्ही बाजूंनी हात फिरवून आत्ताच पाहून ठेवा, म्हणजे पुढे फरक पडला तर हाताला कळेल.