लेबलवर द्राक्षाचं नावच नाही, 'ओर्व्हिएतो क्लासिको' म्हणजे नेमकं काय?

काटोलवाला
नमस्कार मंडळी. भाचा रोमले शिकायला आहे, परवा नागपूरला आला तर माझ्यासाठी पांढऱ्या वाईनची एक बाटली घेऊन आला. मोठ्या अक्षरात 'ओर्व्हिएतो क्लासिको', खाली 'सेक्को', आणि एक लांबलचक इटालियन ओळ. पण द्राक्ष कोणतं ते कुठंच नाही. आपल्या नाशिकच्या बाटलीवर कसं शेनिन ब्लांक नाहीतर सोव्हिन्यों ब्लांक लिहून राहते, तसं काहीच नाही. भाचा म्हणते हे गावाचं नाव आहे मामा, आणि त्या हद्दीबाहेरचा माल असला तर हे नाव लिहिताच येत नाही.

खरं सांगतो, मले वाईनपेक्षा ही हद्दीचीच गोष्ट समजून घ्यायची आहे. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे, आंबिया बहार घेतो, आणि दरवर्षी पाहून राहिलो की कुठला कुठला माल हातगाडीवर 'नागपुरी' म्हणून विकल्या जाते. २०१४ मध्ये नागपूर संत्र्याले जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या मालालेच ते नाव) मिळालं तरी हेच सुरू आहे. मग त्या लोकांनी असं काय केलं? आणि दुसरं, बाहेर ४५ डिग्री आहे, बाटली ठेवू कुठं? पंधरा दिवसांनी सासुरवाडीला वर्ध्याला जायचं आहे, तिथंच उघडावी म्हणतो.

वर्धेची_ताई
दादा, बाटली वर्ध्याला आणू नका!! पूर्ण जिल्ह्यात दारूबंदी आहे, भेट म्हणून आणली तरी अडचणच होईल. सासुरवाडीच्या मंडळींनाच नागपूरला बोलवा.

धंतोली_गल्ली
भाऊ, मी चार वर्षं पेरुजाला होतो, म्हणजे ओर्व्हिएतो ज्यात येते त्या इटलीतल्या उंब्रिया प्रांतातच, ओर्व्हिएतोला बऱ्याचदा गेलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही एका द्राक्षाची वाईन नाहीच, मिश्रण आहे. दोन मुख्य द्राक्षं, ग्रेकेत्तो आणि त्रेब्बियानो तोस्कानो (तिथले लोक त्याला प्रोकानिको म्हणतात), दोन्ही मिळून कमीत कमी ६० टक्के पाहिजे. उरलेल्या भागात माल्वाझिया, वेर्देल्लो वगैरे परवानगी असलेली पांढरी द्राक्षं चालतात. त्रेब्बियानोचं पीक भरपूर येते आणि आंबटपणा देते पण स्वतःची चव कमीच, जीव येतो तो ग्रेकेत्तोमुळे, थोडा बदामासारखा कडवटपणा मागे राहतो तो त्याचाच. म्हणून लेबलवर गावाचं नाव असते, कारण ओळख गावाची आहे, द्राक्षाची नाही.

१९६३ मध्ये इटलीनं कायदा करून डीओसी (ठरलेल्या हद्दीचं, नियमांत बांधलेलं नाव) ही पद्धत आणली आणि ओर्व्हिएतोला १९७१ मध्ये डीओसी मिळालं. तुमच्या लेबलवरची लांब ओळ म्हणजे तेच, 'देनोमिनात्सिओने दि ओरिजिने कोंत्रोल्लाता'. हद्द बरीच मोठी आहे, बराचसा भाग उंब्रियातल्या तेर्नी जिल्ह्यात आणि थोडा शेजारच्या लात्सिओतल्या विटेर्बो जिल्ह्यात. क्लासिको म्हणजे त्या हद्दीतलाच गावाभोवतीचा जुना पट्टा. दर्जा वेगळा असा अर्थ नाही, फक्त जागा. दर्जासाठी 'सुपेरिओरे' पाहायचं, त्यात एकरी उत्पादन कमी घ्यावं लागते.

आणि सेक्को म्हणजे गोडी नसलेली. पण गंमत पाहा, शेकडो वर्षं ओर्व्हिएतोचं नाव होतं ते सोनेरी, जराशा गोड वाईनसाठी! गाव मऊ दगडाच्या उंच कड्यावर बसलेलं आहे आणि खाली एट्रुस्कन (रोमनांच्या आधीचे तिथले लोक) काळापासून खोदलेल्या हजारावर गुहा आहेत. त्या इतक्या थंड की रस आंबायचं काम हळू होत होत मधेच थांबायचं आणि साखर शिल्लक राहायची. सिन्योरेल्ली नावाच्या चित्रकारानं १४९९ पासून तिथल्या मोठ्या चर्चमध्ये जी भिंतीचित्रं काढली ना, त्याच्या करारात पैशासोबत वाईनही होती. सेक्कोचं चलन बरंच नंतरचं, विसाव्या शतकात बाजार तिकडे वळला म्हणून. मला विचाराल तर ती जुनी गोडसर, 'अमाबिले', जास्त आवडते, पण मिळायला कठीण.

माती_पाणी
वरच्यात थोडी भर. तो मऊ दगड म्हणजे टफ, जवळच्या बोल्सेना तलावाच्या बाजूच्या ज्वालामुखीची राख दाबून दाबून झालेला, कुदळीनंही खोदता येतो. आपली काटोलची काळी माती पण ज्वालामुखीचीच, फक्त ती बसाल्टची, लाव्हा थंड होऊन झालेल्या खडकाची झीज होऊन आलेली, म्हणून चिकट आणि पाणी धरून ठेवणारी. म्हणजे 'ज्वालामुखीची माती' एवढं ऐकून दोन्ही सारखं समजू नका. तिकडे पण सगळीकडे टफ नाही, नदीकडे चिकणमाती आणि वाळूची माती आहे, आणि त्याच द्राक्षाची वाईन त्यानुसार वेगळी लागते. कोर्बारा म्हणून तिबर नदीवर धरण बांधून केलेला तलाव आहे, त्याच्या धुक्यामुळे शरद ऋतूत द्राक्षाला एक बुरशी लागते, द्राक्ष सुकून गोडी वाढते आणि त्याची महाग गोड वाईन करतात, 'मुफ्फा नोबिले'. एकाच हद्दीत इतके प्रकार.

वर्धेची_ताई
बाटली फ्रीजमध्येच ठेवा दादा, खालच्या कप्प्यात, कॉर्क असेल तर आडवी. कपाटात किंवा गच्चीखालच्या खोलीत मे महिन्यात बिलकुल नको, आठ दिवसात चव उतरेल. ही लवकर प्यायची वाईन आहे, वर्षानुवर्षं ठेवायची नाही. प्यायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा. आणि सावजी रस्सा करू नका त्या दिवशी, तिखटावर सेक्को घेतली तर तोंड अजून जळते आणि वाईनची चव कळतच नाही. पुडाची वडी करा, सांभार (कोथिंबीर) भरपूर घालून, मिरची बेताची. छान जुळते, आम्ही मुंबईला नणंदेकडे खाल्ली होती.

काटोलवाला
वर्ध्याचं बरं सांगितलं ताई, मले सुचलंच नव्हतं. आणि धंतोलीवाले भाऊ, एवढं लिहिलंत, खरंच आभार. पण माझा मूळ प्रश्न राहिला. बाहेरची द्राक्षं आणून कोणी ओर्व्हिएतो लिहिलं तर तिथं पकडते कोण?

धंतोली_गल्ली
कागद बाटलीपासून नाही, वेलीपासून सुरू होतो भाऊ. कोणत्या शेतात कोणतं द्राक्ष किती जागेत आहे याची सरकारी नोंद, हेक्टरी जास्तीत जास्त किती माल घ्यायचा ते नियमात, तोडणी झाली की किती निघाला ते जाहीर करायचं. म्हणजे शेतातून निघाला त्यापेक्षा जास्त ओर्व्हिएतो बाजारात येऊच शकत नाही. वर वाईनची लॅबमध्ये तपासणी आणि चाखणाऱ्यांचं मंडळ, त्यात नापास झाली तर नाव नाही मिळत.

आणि नियम मोठ्यांनाही तोच. अंतिनोरी हे फ्लोरेन्सचं नावाजलेलं वाईनवालं घराणं, त्यांचा कास्तेल्लो देल्ला साला हा किल्ला आणि मळा ओर्व्हिएतोच्या हद्दीतच आहे, तिथली चेर्व्हारो नावाची पांढरी वाईन साध्या ओर्व्हिएतोच्या कितीतरी पट महाग. पण तिच्यात मुख्य द्राक्ष शार्डोने, म्हणून तिच्यावर ओर्व्हिएतो लिहिता येत नाही, 'उंब्रिया' एवढंच लिहितात.

आपल्याकडे जीआय मिळालं पण शेतकऱ्यानं स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, ती किती जणांनी केली? तुम्ही केली का?

काटोलवाला
नाही केली भाऊ. आमच्या गावात कोणी केल्याचं मले तरी माहीत नाही. संत्र्याची पेटी पण आम्ही कोऱ्या खोक्यातच भरतो, ना गावाचं नाव ना बागेचं. सोमवारी कृषी सहायकाले विचारतो फॉर्म कुठं भेटते ते, अन् इथंच लिहितो.