फोनवर ‘मस्त चाललंय’, पण खरं काय? (अनुभव धागा)

धाकटी बहीण ऑक्टोबरात जर्मनीला शिकायला चालली आहे. ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), विमा, खोली, सगळ्याची यादी तयार आहे. शेंगाचटणी किती न्यायची यावर घरात दोन तट पडलेत. मन कसं रमवायचं याबद्दल मात्र जो तो ‘होते सवय’ म्हणून मोकळा होतो. सोलापुरातून बाहेर शिकायला गेलेल्यांनी, आणि मागे राहिलेल्या आईवडिलांनीही, खरं काय ते लिहा. कॉलेज आणि एजंटांची नावं नकोत.

जुळे सोलापूर ते ड्रेसडेन

सुरुवातीचे आठवडे भारी जातात, त्यावर विसंबू नकोस म्हणावं. ट्राम वेळेवर आली याचंही तेव्हा कौतुक वाटतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि घर साडेतीनऐवजी साडेचार तास लांब होतं. मी लॅबमधून सुटून सहाला फोन लावायचो, तर तिकडे साडेदहा वाजलेले, पप्पा झोपलेले. डिसेंबरात चारलाच अंधार. मे महिन्यातल्या उन्हाला शिव्या घालत वाढलेला मी, खिडकीशी उन्हाची तिरीप शोधत बसायचो! रविवारी दुकानंही बंद. रात्री उशिरा पार्क चौकात चक्कर मारायची सवय असलेल्यानं जायचं कुठं?

झोप उडाली, लेक्चर बुडायला लागली, तेव्हा विद्यार्थ्यांसाठीच्या मोफत समुपदेशनाला गेलो. बाईंनी उपदेश केला नाही. रोज दिवसाउजेडी बाहेर चालायचं आणि आठवड्यातून एकदा ठरवून माणसांत जायचं, एवढंच सांगितलं. विद्यापीठाच्या व्हॉलीबॉलला नाव घातलं. माझी जर्मन वर्गापेक्षा तिथंच जास्त सुधारली. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून फार बिघडेपर्यंत थांबू नये.

बाळीवेस ते मेलबर्न

मला थंडीनं नाही, गड्ड्यानं, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेनं रडवलं. जानेवारीत इथं कडक उन्हाळा. मी हॉटेलात भांडी विसळून बाहेर आले तर आत्याचा व्हिडिओ कॉल. अक्षता सोहळ्याची गर्दी, बाराबंदीतली माणसं, नंदीध्वज. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ ऐकू आलं आणि बसस्टॉपवरच बांध फुटला. शेजारच्या व्हिएतनामी आजींनी काही न विचारता टिश्यू दिला. त्या वर्षीपासून गड्ड्याच्या दिवशी मी शिफ्ट घेत नाही, मैत्रिणींना जेवायला बोलावते. तसंही सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांवर काम करता येत नाही. पैशासाठी तेवढे सगळेच तास भरले की अभ्यास आणि डोकं दोन्ही जातं, हे माझं स्पष्ट मत.

अशोक चौक ते मँचेस्टर

घरी तेलुगू, गल्लीत मराठी, शाळेत हिंदीही. त्यामुळे इथं आल्या आल्या तेलुगू पोरांत सामावून गेलो. आधार मोठा मिळाला, पण पहिली टर्म संपली तरी वर्गातल्या एकाही ब्रिटिश मुलाशी धड बोललो नव्हतो. ग्रुप प्रोजेक्टनं ते नाइलाजानं घडवलं. आपली माणसं जरूर धरावीत, पण फक्त तीच नकोत.

होटगी रोड, मुलगा टोरांटोत

मी आई. दर फोनला ‘जेवलास का?’ आणि त्याचं ‘हो’ ठरलेलं. एकदा बोलता बोलता मागचा फ्रिज उघडा दिसला. आत ब्रेड, अंडी आणि माझ्या चटणीचा तळाला गेलेला डबा. रागावले नाही. आता त्याच्या शनिवारी रात्री, माझ्या रविवारी सकाळी, दोघं व्हिडिओ लावून एकदमच पिठलं करतो. कांदा परतता परतता तो मार्कांचं, घरमालकाचं सगळं बोलतो. समोर बसवून विचारलं की गप्प.

विजापूर रोड ते डब्लिन

मला काहीच झालं नाही, हेही लिहून ठेवतो. बारावीपासून होस्टेलवर राहिल्यानं असेल. ज्यांना त्रास होतो ते कमकुवत, असं मात्र नाही. माझा रूममेट घरी जरा कुरकुरला की त्याचे काका डॉ. कोटणीसांचा दाखला द्यायचे. १९३८ साली चीनला गेले, चिनी शिकले, तिथंच वारले. अहो, ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेले होते, हा डेटा सायन्स शिकायला आलाय. पोरगा रडला तर ऐकून घ्या की!