१० गिगाहर्ट्झ लेन्स अँटेना: रिटर्न लॉस १४ डेसिबलवर अडकलाय

दर्यावर्दी (रत्नागिरी)
एचडीपीई प्लॅस्टिकची लेन्स, व्यास ३०० मिमी, फोकस ३००. हॉर्नकडची (लहरी सोडणाऱ्या कर्ण्याकडची) बाजू हायपरबोला वक्र, बाहेरची सपाट, मध्यावर जाडी ५८. रिटर्न लॉस, म्हणजे परत येणारी शक्ती किती कमी (आकडा मोठा तितका बरा), नुसत्या हॉर्नला २५ डेसिबल, लेन्स लावली की १४. झोनिंग (लेन्सला पायऱ्या कापणं) करून जाडी उतरवू का? पावसाआधी गच्चीवर चढवायचीय.

गुहागरकर
झोनिंग विसरा. पायरी = तरंगलांबी ÷ (अपवर्तनांक − १), म्हणजे ३० ÷ ०.५२, साधारण ५८ मिमी. तुमच्या लेन्सची अख्खी जाडीच तेवढी, कापणार काय?

घोळ सपाट बाजूचा आहे. तिथे लहरी समांतर होऊन काटकोनात आदळतात. सुमारे ४ टक्के शक्ती परत फिरते ती आल्या वाटेने थेट हॉर्नच्या तोंडात. ४ टक्के म्हणजेच तुमचे १४ डेसिबल. खात्री करायची तर लेन्स हळूहळू मागे-पुढे सरकवा: आकडा वर-खाली होईल आणि दर १५ मिमीला तेच चक्र पुन्हा येईल.

ही परतीची लहर मारायला त्या बाजूवर पाव तरंगलांबीचा थर हवा (तरंगलांबी थराच्या आतली, हवेतली नव्हे). ४ मिमी व्यासाची, ६ मिमी खोल भोकं, ५ मिमीच्या चौकटीत. निम्मं प्लॅस्टिक गेलं की डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट (अपवर्तनांकाचा वर्ग) २.३ वरून दीडवर येतो, तोच पाहिजे. भोकं २८०० च्या आसपास, तेव्हा सीएनसीच (संगणकावर चालणारं कापयंत्र). एंडमिल (सपाट टोकाचं कटर) वापरा; साध्या ड्रिलच्या टोकदार तळामुळे खोली फसते. लेथवर गोल खाचा मारायचा मोह टाळा: पोलरायझेशन (लहरीतल्या विद्युत क्षेत्राची दिशा) कुठे खाचेला समांतर, कुठे आडवं, थर सगळीकडे सारखा वागत नाही.

खारावारा
भोकं बरोबर, पण उघडी ठेवलीत तर पहिल्याच सरीत भरतील. १० गिगाहर्ट्झला पाणी लहरी परतवतं आणि खातंही. वाऱ्यावरचं मीठ बसलं की पाऊस थांबल्यावरही ओल सुटत नाही. वरून ०.१ मिमी पॉलिथिनचा कागद ताणून बसवा, कडेच्या रिंगला खाली ३ मिमीचं भोक ठेवा, आतला दमटपणा निथळेल. उन्हाने कागद ठिसूळ होतो, दर मे महिन्यात बदला.

दर्यावर्दी
सीएनसी जवळपास नाही. पीएलए प्लॅस्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट चालेल?

गुहागरकर
नको. भरीव पीएलएत मध्यावरच पाऊण डेसिबलच्या आसपास सिग्नल जातो, शिवाय उन्हात मऊ पडतं. त्यापेक्षा हॉर्न जागेवर ठेवून हीच लेन्स ३-४ अंश कलती करा. परतीचा ठिपका हॉर्नच्या बाहेर पडेल. साइडलोब (मुख्य झोताबाहेर सांडणारे छोटे झोत) थोडे वाढतील, तेवढं चालवून घ्या.