सल्ला हवा: मुलांसाठी घरातल्या आजारांची नोंद कशी करायची?

गौरी_म
नमस्कार. मुलगा ८ वर्षांचा, मुलगी ५ची. मोठे दीर ४२व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. सासऱ्यांची अँजिओप्लास्टीही पन्नाशीच्या आतच झाली होती. माझ्या आईला आणि मावशीला डायबेटिस. मुलांच्या डॉक्टरांनी घरातल्या आजारांची माहिती लिहून आणायला सांगितलंय. कोणाकोणाचं लिहू? किती मागे जाऊ? जनुकीय चाचणी नको, सध्या तो खर्च झेपणार नाही. कागद-पेनावर भागेल असंच सुचवा.

निळाई
जनुकीय चाचणीच करा. आम्ही लाळेचं किट मागवलं, चौघांचे रिपोर्ट मोबाईलवर आले. एकदाच काय तो खर्च, पण मुलांपुढे पैशाचा विचार कशाला?

शेवटचा_बाक
@निळाई, त्या किटमध्ये जनुकांतले मोजकेच बदल तपासतात. रिपोर्ट कोरा आला म्हणून धोका नाही असं होत नाही. आमच्या मेव्हण्यांनी त्याच भरवशावर गोळ्या बंद केल्या आणि पुढे सगळ्यांना निस्तरावं लागलं. शिवाय धागाकर्तीने खर्च नको असं स्पष्ट लिहिलंय.

सुमेधा
तीन पिढ्या लिहा: मुलं, तुम्ही दोघं आणि दोघांची भावंडं, दोन्हीकडचे आजी-आजोबा. आजारापेक्षा *तो कितव्या वर्षी झाला* हे जास्त महत्त्वाचं. ७८व्या वर्षीचा अटॅक आणि ४२व्या वर्षीचा अटॅक एका मापाने मोजू नका. पुरुषांत ५५च्या आत, बायकांत ६५च्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर तो लवकरचा धरतात. तुमच्याकडे असे दोघं आहेत, तेही बाप-लेक. त्यामुळे वंशपरंपरेने येणाऱ्या जास्त कोलेस्टेरॉलबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. हा विकार साधारण २५० माणसांत एकाला असतो. आई-वडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता. मूल सडपातळ, खेळकर असलं तरीही. घरात असा इतिहास असेल तर वयाच्या २ वर्षांनंतर मुलांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) तपासता येतं.

आणि सासऱ्यांच्या टाचेमागची जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी) हाताने चाचपून बघा. आमच्या काकांची ती दोरखंडासारखी जाड झाली होती, सगळे समजायचे चपलेने घासून झालंय. कोलेस्टेरॉल साठलं होतं तिथे.

रानवारा७
आमच्या घरात कोणालाच काही नव्हतं, तरी मला पस्तिशीत शुगर निघाली. या वह्या-बिह्यांचा काही उपयोग नाही.

सुमेधा
@रानवारा७, घरात नसलं म्हणजे होणारच नाही असं कोणी म्हटलंय? असलं तर आधीपासून लक्ष ठेवता येतं, एवढंच. टाइप २ डायबेटिसमध्ये आई किंवा वडील एकाला असेल तर मुलाला आयुष्यभरातला धोका ४० टक्क्यांच्या आसपास धरतात, दोघांना असेल तर ७०च्या.

माधवी_आजी
गौरी, मुलीसाठी तुझ्या माहेरचंच बघ. मुलींना सगळं आईकडून येतं.

शेवटचा_बाक
आजी, तसं नाही हो. निम्मी जनुकं वडिलांकडून येतात, मुलगी असो की मुलगा. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बदलसुद्धा वडिलांकडून येऊ शकतो.

माधवी_आजी
आमच्याकडे चार पिढ्या मी बघितल्यात. असो.

कुंदा_के
गरोदरपणात शुगर वाढली होती का, तेही लिही. मला दुसऱ्या वेळी वाढली होती, मुलाच्या डॉक्टरांनी बरोबर तेच विचारलं. आणि आजार कितव्या वर्षी झाला ते लिहायला विसरू नकोस.

दूरदेशी
लिहायला सोपं आहे. माणसं सांगतात का? आमच्याकडे एका चुलत्यांचं नाव काढलं की विषय बदलायचे. विशीत बुडून गेले. पट्टीचे पोहणारे होते! पुढे बहिणीला चक्कर येऊन ईसीजी काढला, तेव्हा हृदयाच्या ठोक्यांचा आनुवंशिक दोष निघाला. तरुणपणी अचानक गेलेलं माणूस 'अपघात' म्हणून सोडून देऊ नका. त्याचंही नाव लिहा.

निळाई
तेच तर म्हणतेय, माणसं सांगत नाहीत, किट सांगतं. गौरी, थांबू नका, दोन्ही मुलांची तपासणी या आठवड्यातच उरका.

कुंदा_के
मुलांचं लगेच करून घे, +१.

गौरी_म
सगळ्यांचे आभार. @दूरदेशी, तुमचं वाचून माझ्या एका मामाचं नाव वाढवलं. आम्हालाही अपघात इतकंच माहीत होतं, आता आईशी नीट बोलेन.

सासऱ्यांच्या जुन्या फाइलमध्ये अँजिओप्लास्टीच्या आधीचा रिपोर्ट सापडला, एलडीएल २१०. ह्यांनी स्वतःचं कधीच तपासलेलं नाही. त्यामुळे मुलांना आत्ता सुई टोचणार नाही. आधी ह्यांचं. सासऱ्यांचा दोष ह्यांच्यात आला नसेल तर तो ह्यांच्याकडून मुलांत जाणार नाही. ह्यांचं जास्त निघालं तर दोन्ही मुलांचं लगेच करू. डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनाही हा क्रम पटला. किट मागवत नाही. दिरांचा मुलगा १९ वर्षांचा आहे, खरं तर त्याचं सगळ्यात आधी व्हायला हवं. जाऊबाईंना आजच फोन करते.